पोलादाच्या पोटातली नक्षी

दमास्कस पोलादाची पट्टी विकत घेतली की ती बहुधा काळपट, खरखरीत, भट्टीची खपली अंगावर तशीच असलेली हातात येते. फूटभर लांब, दीड-दोन इंच रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड. फोटोत पाहिलेल्या लाटा, थेंब, शिडीच्या पायऱ्या यांचा मागमूस नसतो. हुबळीच्या भंगारात किलोवर मिळणारी पट्टी आणि एवढे पैसे मोजून कुरिअरने मागवलेली ही पट्टी यांत फरक तो काय, असे घरच्यांनी विचारले तर त्यांचे काही चुकत नाही. फरक पट्टीच्या पोटात आहे. तीन मिलिमीटरच्या जाडीत दोन जातींच्या पोलादाचे दोनशे-तीनशे थर आलटून पालटून एकजीव झालेले असतात. सुरी बनवणाऱ्याला नक्षी काढावी लागत नाही, ती आत आधीच बसलेली आहे. त्याने नको तेवढा धातू योग्य उतारात घासून टाकायचा, पात्याला नीट कडकपणा आणायचा आणि शेवटी एका रसायनाला त्याचे काम करू द्यायचे. ऐकायला सोपे वाटते, पण यातल्या प्रत्येक पायरीत थक्क करणारे काहीतरी दडलेले आहे.

पहिले नवल नावाचे. दमास्कस हे सीरियातले शहर. तिथल्या बाजारातल्या पाणीदार तलवारींची कीर्ती युरोपभर पसरली. पण ज्या पोलादातून त्या तलवारी घडत त्यातले बरेचसे समुद्र ओलांडून आपल्या दख्खनातून जात होते. इराण आणि मध्य आशियातही मुशीत पोलाद बनत असे, पण हिंदी पोलादाचा दबदबा वेगळाच होता. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने तलवारींवर एक ग्रंथ लिहिला, त्यातही हिंदी तलवारींना मानाची जागा आहे. आजच्या कर्नाटक, तेलंगणा आणि तमिळनाडूच्या खेड्यांत मातीच्या मुशीत हे पोलाद तयार होई. कानडीत त्याला उक्कू म्हणत, इंग्रजी ग्रंथांत ते वूट्झ नावाने शिरले. म्हणजे धारवाडच्या माणसाने आज ‘दमास्कस’ मागवणे हे जवळपास आपल्याच माळ्यावरची वस्तू परदेशी नावाने विकत घेण्यासारखे आहे. जवळपास म्हणतो, कारण विकत मिळणारी पट्टी आणि ते जुने पोलाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे येऊच, पण आधी जुनी गोष्ट, कारण ती अधिक अद्भुत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात जोसाया मार्शल हीथ नावाचा एक इंग्रज होता. लोखंडाचे त्याला इतके वेड की १८३० च्या सुमारास त्याने पोर्टो नोव्हो इथे स्वतःचा कारखाना काढला. देशी लोहार पोलाद कसे करतात याचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. माती आणि भाताची तुसे कालवून लहानशी मूस करायची. तिच्यात साध्या लोखंडाचे शेरभराहून कमी तुकडे भरायचे. सोबत तरवडाच्या वाळक्या लाकडाचे बारीक तुकडे, वरून रुईची एक-दोन हिरवी पाने, आणि तोंड मातीने घट्ट लिंपून टाकायचे. अशा वीस-चोवीस मुशी छोट्या भट्टीत कमानीसारख्या रचायच्या, कोळसा पेटवायचा आणि दोन-अडीच तास भाता अखंड चालू ठेवायचा. तरवड आणि रुई! माळरानावर गुरेसुद्धा ज्यांना सहसा तोंड लावत नाहीत अशी ही दोन झाडे. त्यांतून जगातले सर्वांत नावाजलेले पोलाद निघत होते.

हे घडत कसे होते? बंद मुशीत लाकडाचा कोळसा होतो आणि त्यातला कार्बन तापलेल्या लोखंडात शिरतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, भात्यावर चालणाऱ्या कोळशाच्या भट्टीला ते फार जड. पण दीड टक्का कार्बन भिनला की हीच पायरी शंभरेक अंशांनी खाली येते. म्हणजे लोखंड जसजसे पोलाद होत जाते तसतसे ते वितळायला राजी होते. मूस हलवून पाहायची. आत खळखळ ऐकू आली की काम झाले. मग ती सावकाश थंड होऊ द्यायची आणि फोडून आतली पोलादाची वडी बाहेर काढायची.

या वड्यांचा व्यापार किती लांबवर होता! तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. कंपनीच्या सर्वेक्षण खात्यातला हेन्री व्हॉयसी तिथे गेला तेव्हा त्याला इस्फहानचा एक इराणी व्यापारी भेटला. हा माणूस वड्या स्वतः पारखून घेण्यासाठी एवढ्या दूर येऊन गावात मुक्काम करत असे. व्हॉयसीचे हे टिपण १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

युरोपातल्या शास्त्रज्ञांपर्यंत हे पोलाद पोचले ते आपल्या मुंबईहून. कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे जोसेफ बँक्स यांच्याकडे नमुने पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. मग सगळेच मागे लागले. लंडनचा चाकू-वस्तरे करणारा जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी हिंदी पोलाद वापरत असे, आणि युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा आपल्याला ते पसंत आहे असे तो जाहिरातीच्या कार्डावर छापत असे. त्याच्या जोडीने १८१९ ते १८२२ या काळात एका तरुण रसायनज्ञाने वूट्झची नक्कल करण्याचे कित्येक प्रयोग केले. हा तरुण म्हणजे लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी तो पुढे अजरामर झाला, पण उक्कूने त्याला दाद दिली नाही. पॅरिसमध्ये ब्रेआं, रशियात झ्लातउस्तच्या कारखान्यात अनोसॉव्ह असे एकेक करून झटत राहिले. १८४१ मध्ये अनोसॉव्हने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि नक्षीदार पोलाद पुन्हा साधल्याचे सांगितले.

युरोपी लोहारांची फसगत होण्याचे एक कारण मला फार गमतीचे वाटते. ते वडी ऐरणीवर घेत, सवयीप्रमाणे पांढरीशुभ्र तापवत आणि घण घालताच तिचा भुगा होई. कार्बन इतका जास्त असलेल्या पोलादाला एवढी आच सोसत नाही. लाल-नारिंगी रंगापलीकडे जायचे नाही, हलक्या हाताने शेकडो ठोके द्यायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा ठोकायचे. आपल्याकडच्या आणि इराणातल्या कारागिराला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, कारण त्याच्या अंगवळणी पडलेली आच मुळातच कमी होती.

आणि नक्षी? आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन वर्होवन आणि फ्लोरिडातला नालबंद-चाकूकार आल्फ्रेड पेंड्रे या विजोड जोडीने विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा उलगडा केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खनिजातून नकळत आलेले व्हॅनेडियमसारखे एखादे मूलद्रव्य लाखात तीन-चार भाग असले तरी पुरते. वडी गोठताना धातूचे फांदीदार स्फटिक वाढतात आणि ही परकी मूलद्रव्ये फांद्यांच्या मधल्या जागांत ढकलली जातात. पुढे तापवणे-ठोकणे वारंवार झाले की लोह आणि कार्बनचे अतिकठीण कण नेमके त्याच जागांभोवती ओळी धरतात. घासून, आम्लाचा हात फिरवला की या ओळी पांढऱ्या उठून दिसतात. थर कोणी रचलेले नसतात, ते धातूच्या गोठण्यातच पडतात. एखाद्या खाणीतले ते लाखातले चार भाग संपले की त्याच लोहाराच्या, त्याच भट्टीच्या पोलादातून नक्षी नाहीशी होणार आणि का ते कोणालाच कळणार नाही! अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ही कला बुडाली त्याचे हेही एक कारण असावे, असे वर्होवन मानतात. व्यापाराची घडी विस्कटली, जंगलावर सरकारी निर्बंध आले, इंग्रजी लोखंड स्वस्त झाले ही कारणे आहेतच. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची देखणी इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय होती. परदेशी लोखंडाचे रूळ घेऊन आलेल्या याच रेल्वेने बाहेरचा स्वस्त माल गावोगाव पोचवला.

धारवाडचे नाव मात्र पोलादाच्या गोष्टीत आणखी एका वाटेने येते. १८८० च्या दशकात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या भागातल्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्यांना ‘धारवाड’ हे नाव दिले आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आहे. अडीच अब्ज वर्षांहून जुने हे खडक. संडूर, बाबाबुडनगिरी, गदगजवळचा कप्पतगुड्ड, सगळीकडे त्यांत लोखंडाचे पट्टेच्या पट्टे आहेत. शिमोग्याच्या बाजूला तर व्हॅनेडियम असलेला मॅग्नेटाइटही सापडतो. बंगळूरच्या शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांनी २००४ मध्ये या पोलादावर इंग्रजीत एक सुरेख पुस्तक लिहिले. जिज्ञासूंनी ते जरूर मिळवावे.

आता कुरिअरच्या पट्टीकडे. हिच्यातली नक्षी रचलेली असते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या विल्यम मोरन नावाच्या लोहाराने थर जोडून केलेले चाकू प्रदर्शनात मांडले, त्यांना दमास्कस म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. थर जोडण्याची युक्ती स्वतः फार जुनी, युरोपात ती हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही होती. ‘हे खरे दमास्कस नव्हेच’ म्हणून कपाळाला आठ्या घालणारे शुद्धतावादी भेटतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या वादात रमून या पट्टीचे स्वतःचे नवल हुकवण्यात अर्थ नाही.

१०८४ किंवा १०९५ या नावाची साधी कार्बन पोलादे आणि १५एन२० नावाचे, सुमारे २ टक्के निकेल असलेले करवतीचे पोलाद यांच्या पट्ट्या एकाआड एक रचतात. जोडांत टाकणखार भुरभुरतात. तो वितळून गंज विरघळवतो आणि हवा आत येऊ देत नाही. बाराशे अंशांच्या आसपास गठ्ठा पिवळाधमक झाला की घणाखाली किंवा प्रेसखाली दाबतात. धातू कुठेही वितळत नाही, तरी जोड कायमचा बसतो. स्वच्छ पृष्ठभाग पुरेसे जवळ आले की अणूंना कोणते कोणाचे ते उरत नाही. मग गठ्ठा लांबवायचा, तोडायचा, एकावर एक ठेवून पुन्हा जोडायचा. दहा थरांचे वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस. पाच घड्यांत तीनशेच्या पार.

इथे एक लोकप्रिय समजूत मोडावी लागते. कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असल्याने धारेला सूक्ष्म करवतीचे दाते येतात, असे विक्रेते सांगतात. ऐकायला झकास आहे. पण कार्बनचा अणू लहान, तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून सटकत जातो. बाराशे अंशांवर असे केसाइतके पातळ थर असतील तर काही मिनिटांत कार्बन दोन्हीकडे सारखा वाटला जातो. निकेलचा अणू मात्र लोखंडाएवढाच, त्याला एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. म्हणून तो जवळजवळ जागचा हलत नाही. परिणाम असा की कडकपणा सगळीकडे जवळपास सारखा होतो आणि रंगाचा फरक तेवढा उरतो. नक्षी म्हणजे निकेल कुठे थांबले त्याची नोंद.

ही नक्षी दिसते कशी, याचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. तीन मिलिमीटरमध्ये तीनशे थर म्हणजे एक थर मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोळ्याला दिसणे कठीण. पण सुरीचे पाते पाठीकडून धारेकडे निमुळते घासतात. समजा पाते ४० मिलिमीटर रुंद आहे. एका बाजूने दीड मिलिमीटर जाडी त्या ४० मिलिमीटरच्या उतारावर संपते. म्हणजे एका अंगावर दीडशे थर ४० मिलिमीटरमध्ये पसरले, प्रत्येकाच्या वाट्याला पाव मिलिमीटरहून थोडे अधिक. केवळ तिरके कापल्याने थर सत्तावीस पट रुंद झाला! कांदा देठाला समांतर न कापता तिरका कापला तर पापुद्रे रुंदावतात, तसेच हे.

थर अगदी सपाट असते तर मात्र नुसत्या सरळ रेघा दिसल्या असत्या. म्हणून ते मुद्दाम बिघडवावे लागतात. पट्टी जाड असताना तिच्यावर आडव्या खाचा पाडून मग ठोकून सपाट केली तर खाचेखालचे थर वर उचलले जातात आणि शिडी तयार होते. खाचांऐवजी ड्रिलने उथळ खळगे केले तर पाण्याचे थेंब. सळई पिळून मग चपटी केली तर चांदण्या आणि वळसे. यातले काही तुम्ही करायचे नाही, पट्टीवाल्याने केलेले आहे. तुमच्या हाती एवढेच की नक्षी वाया घालवू नये. एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी घासले तर दोन्ही अंगांची नक्षी वेगळी निघते. पृष्ठभागालगतचे थेंब फार खोल घासून टाकले तर ते फिकटून जातात.

काम सुरू करताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. पोलादे कोणती? आणि पट्टी मऊ करून पाठवली आहे का? पहिल्याचे उत्तर ‘दमास्कसच आहे साहेब’ असे आले तर दुसरा विक्रेता शोधावा. कोणते पोलाद ते माहीत नसताना त्याला पाणी पाजणे म्हणजे जुगार आहे. स्वस्त पट्ट्यांत एखादा थर साध्या गजाच्या लोखंडाचा निघतो, तो कितीही तापवून बुडवला तरी कडक होत नाही. आपल्याकडचे घिसाडी ट्रकच्या जुन्या पाट्यातून कोयते, कुऱ्हाडी करतात. त्यांच्या मालाला नक्षी नसते, पण पाट्याचे पोलाद बहुतेक वेळा एका जातीचे आणि भरवशाचे असते. नक्षीदार पण अनोळखी पट्टीपेक्षा मी त्यांचा विळा घेईन.

मऊ पट्टीवर आकार आखायचा, हेक्सा ब्लेडने कापायचा, कानशीने किंवा बेल्ट ग्राइंडरने कडा सारख्या करायच्या. मुठीच्या पिनांची भोकेही आताच पाडायची, कारण नंतर ड्रिल आत शिरणार नाही. मग उतार घासायला घ्यायचा, पण धारेच्या जागी जवळजवळ एक मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवून. पातळ धार भट्टीत कार्बन गमावते आणि बुडवताना नागमोडी होते.

कडकपणा आणणे ही यातली सर्वांत नाट्यमय पायरी, आणि सुरीचे सुरीपण हिच्यावर ठरते. पाते तापत जाते तसे लोहचुंबकाला चिकटेनासे होते. हे ७७० अंशांच्या सुमारास घडते आणि लोहाराला फुकट मिळालेला तापमापक हाच. त्याच्या थोडे वर, आठशे ते आठशे पंधरा अंशांपर्यंत न्यायचे. या उष्णतेत लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात आणि नव्या मांडणीत कार्बनला ऐसपैस जागा मिळते. मग पाते कोमट, पन्नास-साठ अंशांच्या तेलात बुडवायचे. तेलच हवे, पाण्यात अशी पाती तडकतात. लालीच्या खालच्या टप्प्यातून ते साधारण सेकंदभरात पार व्हावे लागते. अणूंना जुनी मांडणी हवी असते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आतच अडकतो, सगळी जाळी ताणली जाते, आणि हा ताण म्हणजेच कडकपणा. या क्षणी पात्यावर कानस फिरवली तर ती चावत नाही, किर्र आवाज करत घसरते. पाते फरशीवर पडले तर मात्र दोन तुकडे होऊ शकतात.

म्हणून लगेच त्याला थोडे नरम करायचे. घरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. स्वच्छ घासलेल्या पोलादावर वाळक्या गवतासारखा फिका पिवळा रंग चढतो. कडकपणा किंचित उतरतो, ठिसूळपणा बराच जातो. रॉकवेल मोजमापात ५८ ते ६० च्या आसपास आले की स्वयंपाकघराच्या सुरीला उत्तम. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी संकोच करू नये. हुबळीसारख्या कारखानदारीच्या गावात हीट ट्रीटमेंटची कामे घेणारी वर्कशॉप्स असतात, तिथे पोलादाचे नाव आणि हवा तो कडकपणा सांगून पाते द्यावे. घरी करणाऱ्यांनी आधी पट्टीचा उरलेला बोटभर तुकडा कडक करून शिकंज्यात धरून मोडून पाहावा. मोडलेली कड बारीक, मखमली करडी दिसली तर आच बरोबर. रवाळ, चकाकणारी दिसली तर फार तापवले.

यानंतरचे घासणे पाण्याची बादली जवळ घेऊनच. ग्राइंडरवर पात्याचा एखादा कोपरा निळा झाला की तिथे तीनशे अंश लागले आणि भट्टीतली मेहनत त्या जागेपुरती वाया गेली. पाते उघड्या बोटांनी धरावे, पोळले की बुडवावे. शेवटी हाताने पॉलिश पेपर. २२० नंबरपासून ४००, ६००, ८०० पर्यंत. दर पायरीला आधीच्या पायरीचे सगळे ओरखडे जायला हवेत, कारण रसायन ओरखडेही तितक्याच इमानाने दाखवते. हे काम कंटाळवाणे आहे. गाणी लावावीत. धारवाडात राहून त्यांची वानवा नसावी!

आणि मग ती बाटली. फेरिक क्लोराइड. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डावरचे तांबे खाण्यासाठी मिळते, इंजिनिअरिंगच्या पोरांना ते पाठ असते. त्याच्या तीन-चार पट डिस्टिल्ड वॉटर प्लास्टिकच्या उभ्या भांड्यात घ्यायचे आणि त्यात हे ओतायचे. स्टीलचे भांडे चालत नाही, ते भांडेच खाईल. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. पाते साबणाने आणि मग ॲसिटोनने पुसायचे, कारण बोटाचा ठसा राहिला तर त्या जागी रसायन पोचत नाही आणि ठसा पात्यावर उमटतो.

आरशासारखे पाते तपकिरी द्रवात सोडले की अर्ध्या मिनिटात त्याचा उजळपणा जातो, सगळे करडे होते. दहा मिनिटांनी बाहेर काढून नळाखाली धरले की काळा साका वाहून जातो आणि पहिल्यांदा रेघा दिसतात. निकेल नसलेला थर रसायनाने झपाट्याने खाल्लेला असतो, तो खाली गेला आणि काळवंडला. निकेलवाला थर तग धरून वर राहिलेला. नख आडवे फिरवले तर चढउतार बोटाला कळतात. दोन हजार नंबरचा पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून एकदाच अलगद फिरवावा. उंचवट्यांवरची काजळी जाते, ते चांदीसारखे उजळतात, खोलगट भाग काळेच राहतात. पुन्हा बुडवावे, पुन्हा पुसावे. तीन-चार फेऱ्यांत हवी तेवढी खोली येते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारायचे आणि तेल लावायचे. काळेपणा आणखी गडद हवा असेल तर चाकूकार एक विचित्र युक्ती करतात. पाते रात्रभर दाट इन्स्टंट कॉफीत उभे ठेवतात. कॉफीतली सौम्य आम्ले फक्त काळ्या थरावर आणखी काळा लेप चढवतात. फिल्टर कॉफी त्यासाठी खर्ची घालू नये, ती प्यावी.

याच रसायनाने खोट्याची परीक्षाही होते. बाजारात लेझरने किंवा छापून नक्षी काढलेल्या सुऱ्या ढिगाने आहेत. एका कोपऱ्यातली नक्षी पेपरने पूर्ण घासून टाकावी आणि तिथे फेरिक क्लोराइडचा बोळा धरावा. खरी असेल तर परत येते, जिथे होती तिथेच. खोटी असेल तर डाग उरतो. दुसरी खूण पात्याची पाठ. खऱ्या थरांच्या रेघा पाठीवरून वळून पलीकडे जातात. मात्र धारेजवळ नक्षी नाही म्हणून सुरी खोटी ठरवू नये. जपानी सुऱ्यांत मधला गाभा व्हीजी-१० सारख्या एकाच कठीण पोलादाचा आणि बाहेरून नक्षीदार आवरण अशी रचना सर्रास असते. तिथे धारेपाशी गाभा उघडा पडतो.

मूठ हा सुताराचा विषय. शिसवीचा तुकडा फर्निचरच्या दुकानातल्या उरलेल्या मालात मिळून जातो. इपॉक्सी आणि पितळी पिना वापरतात, पण पिना रसायनाचे काम आटोपल्यावरच ठोकाव्यात, कारण फेरिक क्लोराइड पितळेलाही सोडत नाही. कायद्याचीही एक आठवण. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. भाजी चिरायच्या सुरीला त्रास नाही, भिंतीवर टांगायच्या लांबलचक खंजिराआधी चौकशी करावी.

अशी सुरी स्टेनलेस नसते. लिंबू, चिंच, कैरी चिरून तशीच ओट्यावर ठेवली तर तासाभरात ठिपके धरते. चिरले की धुवावी, लगेच कोरडी करावी, पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात फिरवावा. रोजच्या वापराने नक्षीचा काळा भाग वर्षा-दोन वर्षांत फिका होत जातो. त्यात बिघडले काहीच नाही, थर पात्याच्या आरपार आहेत. मूठ चिकटपट्टीने नीट झाकून पाते पुन्हा घासावे आणि बुडवावे, नक्षी परत येते. तेवढ्यासाठी फेरिक क्लोराइडची बाटली ठेवून द्यावी, झाकण घट्ट लावून, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. आणि वापरलेले पाणी मोरीत ओतू नये. सोड्याने मारून, गाळ वेगळा काढून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावे.